इंग्लंडमधल्या खडूच्या टेकड्या : सायकल, चालणं आणि कोल्हापुरातून तयारी

शाहूपुरी_पेडल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रायटनला पाहुण्यांकडे आठ दिवस मुक्काम आहे. त्यातले तीन-चार दिवस काढून 'साउथ डाउन्स वे' ही विंचेस्टर ते ईस्टबर्न अशी १६० किलोमीटरची वाट सायकलने करायचा बेत आहे. बायको सायकल चालवत नाही. तिला एक दिवस सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवरून चालायचंय, त्या दिवशी मीही बरोबर असेन.

सायकल हार्डटेल (शॉक फक्त पुढे), २९ इंची चाकं, २.१ इंची ट्यूबवाले टायर, पुढे एकच ३२ दात्यांची चेनरिंग (पॅडलकडचं दातेरी चाक), मागे ११ ते ४२ दात्यांची चक्रं. वजन ७५ किलो. रंकाळ्यावरून पन्हाळा दीड तासात होतो.

प्रश्न असे :

१) नकाशात सगळ्यात उंच जागा २७० मीटर दिसते. एवढ्याशा टेकड्यांना तीन दिवस कशाला लागतात? दोन दिवसांत उरकणार नाही का?
२) टायर आणि गिअर आहेत तेच चालतील?
३) सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?
४) कोल्हापूरच्या आसपास सराव कुठे आणि कसा?
५) पाऊस लागला तर? आपल्यासारखा चिखल होतो का?

---

जांभा_दगड

२७० मीटर हा आकडा फसवा आहे. ती जागा म्हणजे बटसर हिल. तिच्या माथ्यापेक्षा आपला रंकाळा जवळपास दुप्पट उंचीवर आहे, म्हणून काय रंकाळ्याला फेरी मारली की बटसर झाला असं होत नाही. प्रश्न उंचीचा नाही, किती वेळा खाली उतरून परत वर चढायचं याचा आहे. ही डोंगररांग पूर्व-पश्चिम आडवी पडलेली आहे आणि मीऑन, आरुन, अडूर, ऊझ, कुकमीअर या नद्या तिला उभ्या कापून दक्षिणेला समुद्राकडे जातात. बहुतेक नद्यांपाशी वाट जवळपास समुद्रसपाटीपर्यंत उतरते आणि पलीकडे पुन्हा दोनशे मीटर चढते. मधल्या खिंडी वेगळ्याच. सगळी चढाई मिळून चार हजार मीटरच्या आसपास भरते. कोल्हापूर ते पन्हाळा सुमारे चारशे मीटर धरा. म्हणजे एकूण दहा पन्हाळे. तीन दिवसांत केलं तर रोज तीनाहून जास्त, दोन दिवसांत केलं तर रोज पाच, तेही डांबरावर नाही. आता ठरवा.

शिवाय पन्हाळ्याचा घाट गाड्यांसाठी आखलेला, वळणं घेत हळूहळू चढणारा. तिथली वाट मेंढपाळांची आणि घोड्यांची, ती वळणं न घेता सरळ अंगावर येते. एक-दीड किलोमीटरचाच चढ, पण मधे १५ टक्के, कुठे त्याहून जास्त, आणि वर सुटे दगड.

तुमचा मुक्काम ब्रायटनला आहे ही मोठी सोय. मी असा बेत सुचवतो :

पहिला दिवस, ब्रायटनहून रेल्वेने साउथॅम्प्टनला गाडी बदलून विंचेस्टर. तिथून कॉकिंग, ५५ ते ६० किलोमीटर. बटसर हिल याच दिवशी. मुक्काम कॉकिंगमध्ये किंवा उत्तरेला चार-पाच किलोमीटरवरच्या मिडहर्स्टला. जागा आधीच ठरवून ठेवा. इंग्लंडमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय माळावर तंबू ठोकता येत नाही.

दुसरा दिवस, कॉकिंग ते डेव्हिल्स डाइक (ब्रायटनच्या वरची खोल कोरडी दरी), पन्नासच्या आसपास. तिथून ब्रायटन आठ-नऊ किलोमीटर, जवळपास सगळा उतार. जुन्या रेल्वेमार्गाची सायकलवाट झालीय, ती होव्हच्या बाजूने खाली जाते. रात्री घरचं जेवण.

तिसरा दिवस, सकाळी परत डाइकवर चढून ईस्टबर्न, ५० किलोमीटर. परतीला ईस्टबर्न ते ब्रायटन थेट रेल्वे.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडेच ठेवा. तिथला नेहमीचा वारा नैऋत्येचा. माथ्यावर बहुतेक ठिकाणी झाड नाही, आडोसा नाही. उलट्या दिशेने गेलात तर सपाटीलाही चढाचा गिअर लावावा लागतो.

आणि ज्यांना नाव ऐकून गोंधळ होतो त्यांच्यासाठी : 'डाउन्स' म्हणजे उतार नव्हे. जुन्या इंग्रजीत 'दून' म्हणजे टेकडी, त्याचं हे रूप. नावात डाउन आणि पायाखाली चढ.

---

चकमक

दुसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाबद्दल. जमीन समजली की सायकलीचं आपोआप ठरतं, म्हणून आधी जमीन.

हा खडू म्हणजे फळ्यावरचाच प्रकार समजा, फक्त काही शे मीटर जाडीचा. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांच्या चुन्याच्या कवच्या तळाशी साचून साधारण दहा ते सात कोटी वर्षांपूर्वी तो तयार झाला. (आपला दख्खनचा लाव्हा त्यानंतरचा, साडेसहा कोटींच्या आसपासचा.) या मऊ खडूत कठीण गारगोटीचे थर असतात. गारगोटी म्हटलं की आपल्याला भुदरगड तालुका आठवतो, पण इथे म्हणायचीय ती चकमकीची गारगोटी. खडू पावसाने झिजून जातो, गारगोटी झिजत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं तुडवलेल्या वाटेवर शेवटी गारगोट्याच उघड्या पडतात. ती फुटते काचेसारखी, शिंपल्याच्या आकाराचा धारदार तुकडा निघतो. काट्याने पंक्चर होतं तसं इथे होत नाही, टायर कापला जातो, आणि तोही बहुतेक बाजूच्या भिंतीवर. तिथे रबर सगळ्यात पातळ असतं.

त्यामुळे २.१ चे ट्यूबवाले टायर घेऊन जाऊ नका. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) करा, रुंदी २.२५ ते २.४, आणि घेताना बाजूची भिंत जाड असलेला प्रकार मागा. शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाढतं, ते वाढू द्या. सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) दर टायरात १०० ते १२० मि.ली. ते आत्ताच घालून ठेवलं असेल तर निघण्याआधी परत भरा. कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळून त्याचा नुसता चोथा उरतो. हवा ७५ किलोला पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरू करा. पाठीवर सामान असेल तर दोन वाढवा.

बरोबर काय ठेवायचं : रबरी प्लग पाच-सहा, एक ट्यूब, हातपंप, जुन्या टायरचा ४ बाय ६ सेंटिमीटरचा तुकडा. चीर पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर प्लग धरतो. त्यापेक्षा मोठी असेल तर टायर उतरवून चिरेच्या आतून तो तुकडा लावायचा, ट्यूबलेसचा व्हॉल्व काढायचा आणि ट्यूब घालायची. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून अडकलेली कपची शोधा, हातमोजा घालूनच. लोक हे विसरतात आणि शंभर मीटरवर नवी ट्यूबही जाते.

आता पाऊस. आपला चिखल चिकटतो, जड होतो, पण त्याला पकड असते. ओला खडू साबणासारखा. वरच्या दोन-चार मिलिमीटरची पेस्ट होते, खालचा थर मात्र गुळगुळीत घट्ट राहतो. टायरच्या गुट्ट्यांत पेस्ट भरली की गुट्ट्या असून नसल्यासारख्या. सगळ्यात वाईट जागा म्हणजे जंगलातून जाणारी उताराची वाट, कारण तिथे ऊन-वारा लागत नाही आणि ती दिवसेंदिवस वाळत नाही. उघड्या माळावर जूनमध्ये पाऊस थांबल्यावर काही तासांत वाट कोरडी होते, कारण खडू पाणी आत ओढून घेतो.

ओल्यात चालवायची रीत : ब्रेक उताराच्या आधी सरळ रेषेत लावून वेग कमी करा, वळणात आणि आडव्या कललेल्या भागात ब्रेकला हात नको. जिथे गारगोट्या वर आलेल्या दिसतात तिथून चाक न्या, ओल्यात त्याच पकड देतात. (कोरड्यात नेमकं उलटं, तेव्हा त्या टाळा.) आणि चाकोरीपासून सावध. शेकडो वर्षांच्या रहदारीने वाटेला खोल चर पडलेत. चाक चरात गेलं तर चरातच राहू द्या. बाहेर यायचंच असेल तर वेग कमी करून, हँडल वर उचलून, मोठ्या कोनात एकदम बाहेर. तिरप्या बारीक कोनात बाहेर यायला गेलं की पुढचं चाक चराच्या भिंतीला घासत राहतं, सायकल पुढे जाते आणि माणूस बाजूला पडतो.

ब्रेक पॅड रेझिनचे असतील तर बदला, धातूमिश्रित घ्या. खडूची पेस्ट म्हणजे पॉलिश पेपरच, एका पावसाळी दिवसात रेझिनचा पॅड संपू शकतो. एक जोड खिशात ठेवा. नवे पॅड बसवले की इथेच वीसेक वेळा २५ च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत आणून घासून घ्या. पूर्ण थांबू नका. घासून न घेतलेले पॅड पहिल्याच मोठ्या उतारावर ओरडतात आणि धरत नाहीत.

---

जांभा_दगड

चकमक यांच्या उत्तरात गिअरचं राहिलं. ३२ ला ४२ म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.७४ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग सव्वासहा. १५ टक्क्यांच्या चढावर सायकल-सामानासह ९५ किलो वर न्यायला त्या वेगात २४० वॉटच्या वर लागतात. दहा मिनिटं जमेल, दिवसात आठ वेळा नाही जमणार. ३२ ला ५१ असेल तर त्याच फेऱ्यांना २०० च्या आसपास येतं.

पुढची चेनरिंग लहान करणं स्वस्त पडतं, पण आधी बोल्ट मोजा. १०४ मिलिमीटरच्या चार बोल्टवाल्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) ३० पेक्षा लहान बसत नाही. चेनरिंग थेट क्रँकवर बसणारी असेल तर २८ घाला, त्याने ४२ वरही काम भागतं. चेनची लांबी परत तपासायला विसरू नका.

---

तांबडा_रस्सा

भावा, एवढा खर्च करण्याआधी तिसऱ्या प्रश्नाचा विचार करा. तीन दिवसांसाठी सायकल विमानातून नेणं म्हणजे खोका, विमान कंपनीचं वेगळं भाडं, तिथल्या रेल्वेत खोका सांभाळणं, आणि पोचल्यावर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकलेला निघाला तर पहिला दिवस दुकान शोधण्यात. ब्रायटनमध्ये ट्यूबलेस, बारा गिअरची हार्डटेल भाड्याने मिळते. जून म्हणजे हंगाम, आधी नोंद करा आणि तुमची उंची कळवा. इथून फक्त स्वतःची सीट, पॅडल आणि हेल्मेट न्या. पॅडल काढताना लक्षात असू द्या, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सैल होतं. जोर लावून क्रँकचे आटे घालवलेले लई बघितलेत.

भाड्याची सायकल ताब्यात घेताना पाच मिनिटं घालवा : ब्रेक पॅडवर किमान दीड मिलिमीटर माल आहे का, टायर हलवून आत सीलंटचा आवाज येतो का, सगळ्यात लहान गिअरवर चेन न अडखळता चढते का, टायरच्या भिंतीवर जुन्या चिरा आहेत का. तिकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तुमच्या सायकलला उलटं असेल तर त्यांच्याकडूनच बदलून घ्या, उतारावर सवय आडवी येते.

सराव. चढाची ताकद घाटात येईल, पण घाट पुरेसा नाही.

रविवारी मोठी फेरी : शिवाजी पूल, केर्ली, जोतिबा, दानेवाडीवरून पन्हाळा, वाघबीळ, परत. पन्नासच्या आसपास किलोमीटर आणि दोन वेगळे चढ. मधे बसायचं नाही. साउथ डाउन्सवर दमवतो तो दुसरा आणि तिसरा चढ, पहिला कोणालाही जमतो.

आठवड्यात एकदा तोकडं आणि उभं काम : पाच मिनिटं जेमतेम बोलता येईल इतक्या जोरात चढ, तेवढाच वेळ सावकाश उतार, सहा वेळा. पाठीवर पाच किलोची बॅग, म्हणजे खांदे आणि कंबरही तयार होतात.

आणि खरा उपयोग मसाई पठाराच्या गाडीवाटेचा. जांभ्याच्या सुट्या खडीवर मागचं चाक फिरतं तसंच सुट्या गारगोट्यांवर फिरतं. उभं राहून पॅडल मारलं की चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरायला लागतं. सीटच्या पुढच्या टोकावर बसून, छाती हँडलकडे झुकवून, बसूनच चढायची सवय इथेच लावा. मात्र मसाई आता संवर्धन राखीव आहे, मळलेली गाडीवाट सोडून गवतावर चाक घालू नका. पाऊस पडल्यावर तर नाहीच.

मार्च ते मे सगळं पहाटे साडेपाचला सुरू करून नऊच्या आत घरी. उन्हात मरून सराव केल्याने फायदा नाही, कारण तिकडे अडचण उलटी आहे. जूनमध्ये दुपारी १८-२० अंश, माथ्यावर वारा, घाम आला की थंडी भरते. पातळ वाऱ्याचं जाकीट वर चढताना काढायचं, माथ्यावर पोचलं की थांबण्याआधी घालायचं. पांढऱ्या वाटेवरून ऊन परावर्तित होतं, त्यामुळे गॉगल लागतोच.

खाऊ : भडंग, शेंगदाण्याची चिक्की, गूळ खुशाल न्या. पेढे, तूप, मांसाचं काहीही नको, दूध-मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये सामानातून नेता येत नाहीत. तिथल्या पबमधलं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होऊन संध्याकाळी सहाला उघडणं नेहमीचं आहे. चार वाजता भुकेलेला माणूस गावात उतरला तर फक्त चिप्सचं पाकीट मिळतं. दीडच्या आत जेवून घ्या.

---

शाहूपुरी_पेडल

मंडळी, नाद खुळा माहिती. तीन दिवस आणि भाड्याची सायकल नक्की केली. आणखी दोन-तीन शंका. पाणी किती ठेवायचं? सायकल कुठे चालते आणि कुठे नाही हे वाटेवर कसं ओळखायचं? आणि बायकोचा सेव्हन सिस्टर्सचा दिवस कसा आखावा? तिला रोज पाच-सहा किलोमीटर चालायची सवय आहे, त्याहून जास्त नाही.

---

जांभा_दगड

पाणी : अडीच लिटर घेऊन निघा. आपल्या सड्यावर पावसात डबकी साचतात कारण कातळ पाणी आत घेत नाही. खडूचं उलटं. पडलेलं सगळं पाणी तो गिळतो, त्यामुळे माथ्यावर झरा नाही, ओढा नाही. गुरांसाठी पूर्वी चिकणमाती थापून तळी केली, ती अजून दिसतात, पण ते पाणी प्यायचं नाही. झरे फुटतात ते डोंगराच्या पायथ्याला, खडू संपून चिकणमाती लागते तिथे, आणि म्हणूनच गावंही तिथेच वसली. म्हणजे पाणी-खाणं विसरलं की शंभर-दीडशे मीटर खाली उतरून परत चढायचं. ते टाळायचं असेल तर वाटेवरचे नळ नकाशावर आधीच खूण करून ठेवा. कॉकिंगजवळ, अडूर नदीच्या पुलाजवळ बोटॉल्फ्सला, सॅडलस्कोमला आणि साउथईजला नळ आहेत. बटसर हिल उतरल्यावर क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कात उपाहारगृहही आहे.

वाट ओळखणं : फाट्यावरच्या खांबावर ओकच्या फळाचं चिन्ह असेल तर तुम्ही राष्ट्रीय वाटेवर आहात. बाणाचा रंग महत्त्वाचा. पिवळा म्हणजे पायवाट, तिथे सायकल नाही. निळा म्हणजे घोडेवाट, तिथे घोडा, सायकल, माणूस तिघेही. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटेवर सायकलवाल्याने बाकी दोघांना वाट द्यायची आहे. घोडा दिसला की लांबून बोलून आवाज द्या, मागून गुपचूप जवळ जाऊ नका, घोडा बिथरतो. वाटेत फाटकं भरपूर. जसं सापडलं तसं ठेवायचं, बंद होतं तर बंद. आत मेंढ्या आणि गायी असतात. वासरू आणि गाय यांच्या मधून जाऊ नका.

शेवटच्या दिवशी अल्फ्रिस्टनला दोन वाटा फुटतात. कड्यांवरून जाणारी चालणाऱ्यांची, आतून जेव्हिंग्टनवरून जाणारी सायकलची. फोटो बघून लोक सायकल कड्याकडे वळवतात, तसं करू नका. आतल्या वाटेवर विंडओव्हर हिलच्या उतारावर विल्मिंग्टनचा लाँग मॅन आहे, ७० मीटरहून उंच माणसाची आकृती. गंमत म्हणजे वाट त्याच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे वाटेवरून तो नीट दिसत नाही. बघायचा तर खाली विल्मिंग्टन गावात उतरावं लागतं. तिसऱ्या दिवशी पायात तेवढा जीव असेल तर उतरा.

---

करवीर_पदयात्री

वहिनींच्या दिवसाबद्दल. सीफर्ड ते ईस्टबर्न हा पूर्ण पल्ला २२ किलोमीटरच्या आसपास आहे, तो नको. त्यांच्यासाठी एक्सीट ते बर्लिंग गॅप, सहा-सात किलोमीटर. ब्रायटनहून १२ नंबरच्या बसने एक्सीटला उतरा. तिथून कुकमीअर नदीच्या नागमोडी वळणांच्या कडेने समुद्राकडे, मग पहिला चढ हेवन ब्राउ, ७७ मीटर. नाव सात बहिणींचं असलं तरी मधली एक छोटी टेकडी धरून चढ आठ मोजा. एकेक चढ छोटा आहे, पण उतरून परत चढायचं असल्यामुळे गुडघ्यांना काम पडतं. बर्लिंग गॅपला चहा-खाणं मिळतं. तिथून ईस्ट डीन गाव दीडेक किलोमीटर, तिथे परतीची बस.

सात बहिणींचं ते प्रसिद्ध चित्र मात्र सात बहिणींवर उभं राहून दिसत नाही. ते दिसतं नदीच्या पश्चिमेच्या काठावरून, सीफर्ड हेडच्या बाजूने. नदीच्या मुखाशी पूल नाही, एक्सीटला येऊनच ओलांडावी लागते. म्हणून वेळ असेल तर आधी सीफर्डच्या बाजूने तो देखावा बघा आणि मग एक्सीटला या. चार-पाच किलोमीटर वाढतात. सकाळी लवकर गेलात तर ऊन समोरून येतं, दुपारनंतर कडे उजळतात.

कड्याच्या काठापासून किमान पाच मीटर लांब. हे भीती घालायला नाही सांगत, कारण समजून घ्या : लाटा खालून खडू पोखरतात, वरचा भाग हिरवळीसकट अधांतरी राहतो आणि वरून ते कळतच नाही. पन्हाळ्याच्या तटावरून वाकून बघतो तसं इथे वाकून बघायचं नाही, तिथे खाली बसाल्ट आहे. बेल टूट दीपगृह कडा जवळ आला म्हणून १९९९ साली अख्खं उचलून १७ मीटर मागे सरकवलं, यावरून अंदाज घ्या. खाली किनाऱ्यावर गेलात तर कड्याच्या पायथ्याशी बसू नका आणि भरतीची वेळ बघूनच जा, दोन कड्यांच्या मधे अडकायला होतं.

बूट साधे, घट्ट तळव्याचे, खोल खाचांचे. आखूड गवतावर पाऊस पडलेला असेल तर उताराला काठी कामाला येते. हे गवत मेंढ्यांनी शतकानुशतकं खुडून आखूड ठेवलंय, म्हणूनच एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती मावतात. जूनमध्ये रानऑर्किड फुललेली असतात. आपल्या सड्यावरच्या फुलांसारखीच बोटभर उंचीची, वाकल्याशिवाय दिसत नाहीत. गवतात बसलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड तपासा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, तेल-काडेपेटी काही लावायचं नाही. नंतरच्या आठवड्यांत तिथे लाल चकती पसरत गेली तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

---

चकमक

दोन गोष्टी राहिल्या.

रेल्वे : सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी घडी न होणारी सायकल बऱ्याच गाड्यांत घेत नाहीत. विंचेस्टरला जाताना सकाळी नऊनंतरची गाडी धरा, नाहीतर आदल्या संध्याकाळी उशिरा जा. जूनमध्ये उजेड रात्री नऊच्या पुढेपर्यंत असतो, विंचेस्टरहून बाराला निघूनही कॉकिंग गाठता येतं. आणि मधेच काही बिघडलं तर सुटायच्या जागा लक्षात ठेवा : अ‍ॅम्बर्ली आणि साउथईज ही दोन रेल्वे स्थानकं वाटेला लागूनच आहेत.

तांबडा_रस्सा यांनी पॅडल न्यायला सांगितलंय, त्यात थोडी दुरुस्ती. क्लीटवाली (बूट अडकवून बसवायची) पॅडल नेऊ नका. चढावर दोन-चार ठिकाणी उतरून ढकलावं लागणारच, आणि ओल्या खडूवर चाललं की क्लीटच्या खोबणीत पेस्ट भरून बूट अडकतच नाही. रुंद सपाट, पिन असलेली पॅडल न्या.

रोज संध्याकाळी सायकल लगेच धुवा, जेवणानंतर नाही. खडू वाळला की प्लास्टर होतो आणि डिरेलरच्या छोट्या चाकांमध्ये, ब्रेकच्या पिस्टनभोवती घट्ट बसतो. साध्या पाइपचं पाणी पुरे, जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका. चेन फडक्याने कोरडी करून मग तेल, कोरड्या दिवसाला मेणाचं, पावसाच्या दिवसाला जाडसर. कॉकिंगच्या मुक्कामाची जागा ठरवताना बाहेर नळ आणि सायकलला कुलपाची खोली आहे का, हे खोलीच्या भाड्याआधी विचारा.